जुन्या ८००ला सेल्फचं बटण बसवायचंय: थेट जोडू की रिले टाकू?

मानेवाडा_रिंगरोड
राम राम मंडळी. घरी १९९८ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली, एमएच-३१ पासिंग. इंजिन ठणठणीत, बॅटरी गेल्या दिवाळीत बदललेली. तक्रार एकच. चावी फिरवली की कधी सेल्फ लागतो, कधी नुसता 'टक्' आवाज येतो आणि गाडी गप्प. चावी पुन्हा मागे-पुढे केली की लागतो. उन्हात उभी असली की हमखास रुसते.

ओळखीचा वायरिंगवाला म्हणाला, "चावीचा खटका गेला. डॅशबोर्डला एक बटण मारून देतो, पाचशे रुपयांत काम." त्याची योजना अशी: बॅटरीवरून एक वायर बटणाला, बटणातून दुसरी सरळ सेल्फला. चावी फक्त ऑन करायची आणि बटण दाबायचं.

असं थेट जोडलेलं चालतं का, की मध्ये रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा विजेचा खटका) हवाच? स्टिअरिंग लॉक शाबूत राहील ना? मल्टीमीटर धरता येतो, सोल्डरिंग येतं, त्यापलीकडे मी काही इलेक्ट्रिशियन नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी लिहा.

तर्री_पोहे
लावून टाक ना बे. वरून लाल झाकण पण लाव, विमानात असते तसं. झाकण उघडलं, बटण दाबलं, ८०० उडाली थेट सोनेगाव विमानतळावर.

कोथरूडचा_पाहुणा
८००ला बटण बसवण्यापेक्षा बटणवाली गाडीच घ्यावी. आपलं मत.

तर्री_पोहे
आले पुण्याहून. बसा, पाणी घ्या.

घाटरोडवाला
भाऊ, बटण लावायले हरकत नाई, पण त्यानं सांगितलं तसं थेट लावू नको. काहून ते सांगतो.

सेल्फवर दोन वायरी जातात. एक जाड, बॅटरीवरून सरळ येते, नटानं कसलेली. सेल्फ फिरताना तिच्यातून शंभर-दीडशे अँपिअर जाते. तिले हात लावायचं कामच नाई. दुसरी बारीक, नुसती खोचून बसवलेली, ती सोलेनॉइडची, म्हनजे सेल्फ लावणाऱ्या विजेच्या चुंबकाची. चावी करंट देते तो या बारीक वायरीले. लोकायले वाटते वायर बारीक म्हनजे करंट बी बारीक. तसं नसते. सोलेनॉइडच्या आत दोन वेटोळे असतात, एक दांडा ओढाले, दुसरं धरून ठेवाले. ओढताना दोन्ही मिळून क्षणभर पंचवीस-तीस अँपिअर खातात. दांडा बसला की ओढणारं वेटोळं आपोआप बंद पडते आणि धरून ठेवणारं तेवढं चालू रायते.

आता दुकानातलं गोल बटण असते पाच-दहा अँपिअरचं. काही महिने चालते, मंग आतली पत्ती जळते. जळून तुटली तर नशीब. चिकटून बसली तर इंजिन चालू झाल्यावर बी सेल्फ फिरतच रायते. बेंडिक्स म्हनजे सेल्फचा दात्यांचा गियर जाते, तो जिच्यात अडकते ती फ्लायव्हीलची रिंग जाते, आणि रिंग बदलाची म्हनजे गियरबॉक्स उतरवा लागते. पाचशाचं काम कुठं गेलं मंग?

अजून एक. बॅटरीवरून थेट बटणाले करंट म्हनजे चावी खिशात असली तरी सेल्फ फिरणार. गाडी पहिल्या गियरमधी लावली, लेकरानं खिडकीतून हात घालून बटण दाबलं, गाडी उडी मारते. आमच्याकडं अशी एक आली होती, अंगणातल्या तुळशी वृंदावनावर गेलेली. बंपर आम्ही सरळ करून दिला, आजीचा राग काही सरळ झाला नाई.

मानेवाडा_रिंगरोड
@घाटरोडवाला, धन्यवाद भाऊ. म्हणजे बटणाचा करंट चावी ऑन झाल्यावरच मिळाला पाहिजे, हे पक्कं. लॉकला हात लागणार नाही ना?

घाटरोडवाला
चावी भोकात रायली, ऑनवर आली, तर स्टिअरिंग मोकळंच असते. बटण फक्त चावीच्या शेवटच्या खटक्याचं काम करते. बाकी चावी आहे तशीच. कोणी "चावी काढूनच टाकू, लॉकची पिन कापू" म्हनलं तर त्याले चहा पाजून वापस पाठव.

वीजकाका
निवृत्त माणूस, कोराडीच्या वीज केंद्रात आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द. बटण, रिले वगैरे नंतर. आधी दुखणं कुठे आहे ते मोजा.

मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मदतीला एक माणूस घ्या, तो चावी मारेल. सेल्फ फिरत असताना तीन मोजमापं घ्या. पहिलं बॅटरीच्या दोन खांबांवर. दुसरं सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलपासून इंजिनच्या धातूपर्यंत. तिसरं बॅटरीच्या मायनस खांबापासून इंजिनच्या धातूपर्यंत.

तिसरं माप अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर दोष अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिन-बॉडीला जोडणाऱ्या पट्टीत आहे. मग बटण लावा, रिले लावा, काही उपयोग नाही. जुन्या गाड्यांत ही पट्टी इतकी गंजलेली असते की हात लावला तर हिरवी पावडर बोटाला लागते. तिसरं माप ठीक, पण पहिल्या आणि दुसऱ्यात दीड-दोन व्होल्टचा फरक आला, तर दोष चावीच्या खटक्यात किंवा तिथवरच्या वायरीत.

उन्हात रुसते म्हणता त्याचंही कारण आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. इंजिनजवळचा सोलेनॉइड ६० अंशांनी तापला तर वेटोळ्याचा रोध २३ टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणजे करंट १९ टक्क्यांच्या आसपास कमी आणि ओढही कमी. त्यात चावीतून दोन व्होल्ट आधीच गळालेले. २३ मे २०१३ ला आपल्याकडे पारा ४७.९ वर गेला होता, आठवतं ना? आणि ते सावलीतलं तापमान. बॉनेटखाली काय होत असेल विचार करा.

तर्री_पोहे
काका, मे महिन्यात नागपुरात गाडीच काय, माणूस बी सेल्फ घेत नाही.

सदर_बाजार
मला एक समजत नाही. खटका गेलाय तर खटका बदला. बऱ्याच गाड्यांत लॉकच्या मागे बसणारा विजेचा भाग वेगळा मिळतो. लॉक सेट बदलावा लागत नाही, चाव्या त्याच राहतात. स्टिअरिंगखालचं कव्हर काढा, कपलर सोडवा, एक-दोन स्क्रू, झालं. डॅशबोर्डला भोक पाडून बटण लावायची हौस असेल तर वेगळी गोष्ट. तरुण पोट्टे यूट्यूब पाहतात आणि बापाच्या गाडीला शिंगं लावतात.

मानेवाडा_रिंगरोड
@सदर_बाजार, हौस नाही हो. गाडी बाबा चालवतात. वय ७४, उजव्या मनगटाला संधिवात. चावी ऑनपर्यंत फिरवतात, पण पुढे त्या स्प्रिंगच्या विरुद्ध जोर लावून धरून ठेवणं त्यांना जड जातं. दोनदा-तीनदा फिरवावी लागली की मनगट दुखतं, मग दिवसभर गरम पाण्याची पिशवी. डॉक्टरांनी गाडी चालवू नका असं म्हटलेलं नाही, आणि म्हटलं तरी ते ऐकतील असं नाही. रोज सकाळी धरमपेठेत मित्रांकडे जाणार म्हणजे जाणार. नवीन खटका टाकला तरी स्प्रिंग तेवढीच कडक. म्हणून बटण.

सदर_बाजार
मग शब्द मागे घेतले. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं राजे.

अनघा_ना
आता जोडणीकडे येते. पॉलिटेक्निकला हेच शिकवते.

४० अँपिअरचा साधा १२ व्होल्टचा गाडीचा रिले घ्या. त्यावर आकडे असतात: ३०, ८५, ८६, ८७, काहींवर ८७ए. हे जर्मन डीआयएन ७२५५२ मानकातले आकडे आहेत, त्यामुळे रिले कोणाचाही घेतला तरी अर्थ बदलत नाही. ३० ला बॅटरीचा प्लस येतो, ८७ मधून सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला जातो. ८६ ला बटणातून प्लस, ८५ अर्थला. रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ८०-९० ओहम, म्हणजे बटणातून जेमतेम ०.१५ अँपिअर जाणार. घाटरोडवाल्या भाऊंनी सांगितलेला पत्ती जळण्याचा प्रश्नच उरत नाही, अगदी साधं बटणही वर्षानुवर्षं टिकेल. फक्त ते दाबून सोडलं की परत येणारं असावं. एकदा दाबून चालू, परत दाबून बंद असलं बटण चुकूनही नको.

बॅटरीकडून ३० ला येणारी वायर ४ चौरस मिमीची घ्या, आणि बॅटरीच्या खांबापासून वीतभर अंतरावरच ३० अँपिअरचा फ्यूज टाका. फ्यूज रिलेजवळ टाकून काही अर्थ नाही. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा बॉडीला घासला तर त्याला वाचवणारं कोणीच नसतं. ८७ कडून सोलेनॉइडला जाणारीही ४ चौरस मिमी. बटणाच्या वायरी ०.७५ च्या पुरतात.

शिवाय रिलेच्या कॉइलवर एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), वन-एन-४००७, चार-पाच रुपयांचा. बटण सोडलं की कॉइल उलट दिशेने शंभरावर व्होल्टचा झटका मारते. डायोड तो तिथेच जिरवतो. डायोडची पांढरी पट्टी ८६ कडे. काही रिलेंमध्ये डायोड आतच असतो आणि बाजूला छोटी आकृती छापलेली असते. मग ८५-८६ ची अदलाबदल करायची नाही.

मानेवाडा_रिंगरोड
ताई, सुरेख. बटणाला ऑनचा प्लस कुठून घेऊ? आणि चावीची जुनी वायर कापून टाकू का?

अनघा_ना
प्लस फ्यूजबॉक्समधल्या चावी ऑन झाल्यावर जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून घ्या, मध्ये छोटा ५ अँपिअरचा फ्यूज टाकून. ऑन आणि ॲक्सेसरी यांत गल्लत करू नका, नाहीतर टेप ऐकत बसलेला माणूसही सेल्फ मारेल.

जुनी वायर कापू नका. तीच उचलून ८६ ला जोडा, सोलेनॉइडला नको. मग बटणही चालेल आणि चावीही. बटण कधी बिघडलं तर बाबा रस्त्यात अडकणार नाहीत. चावीच्या बाजूने येणारा करंटही आता फक्त कॉइलपुरता, म्हणजे जुना खटकाही बराच काळ टिकेल.

घाटरोडवाला
वायरीच्या रंगावर जाऊ नको बरं का. सुझुकीच्या वायरिंगमधी सेल्फची वायर बहुतेक काळी-पिवळी असते, पण एवढ्या वर्षांत कोणी काय जोडलं कोणाले ठाऊक. टेस्ट लॅम्प लावून पाय. चावी मारल्यावरच पेटते आणि सोडली की विझते, ती वायर.

जरीपटका_पॅसेंजर
मध्येच विचारतो. माझी २०१५ची स्विफ्ट आहे, साध्या चावीची. ऑनलाइन एक किट दिसतंय, रिमोट खिशात ठेवा, बटण दाबा, चावी नको. टाकू का?

घाटरोडवाला
नको.

जरीपटका_पॅसेंजर
एवढंच?

घाटरोडवाला
दुकानात गिऱ्हाईक होतं. आता सांगतो. तुझ्या गाडीच्या चावीत चिप आहे. लॉकच्या भोवती एक कडी असते, ती चिप वाचते, मंगच इसीएम, म्हनजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिन चालू होऊ देते. किटवाले काय करतात, एक चावी फोडून त्यातली चिप त्या कडीजवळ टेपनं चिकटवून टाकतात. म्हनजे कंपनीनं चोरासाठी लावलेलं कुलूप तू स्वतःच उघडून ठेवलं. दुसरं, चावी नाही म्हनजे स्टिअरिंग लॉकचं काय? ते कायमचं मोकळं करा लागते. आणि चालत्या गाडीत किटचा डबा बंद पडला तर इंजिन बंद. पॉवर स्टिअरिंग जड, ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपते. वर्धा रोडवर ट्रकच्या मागं असताना पायशील मजा.

८००च्या गोष्टीत आणि ह्या किटमधी हाच फरक आहे. तिकडं चावी जागेवरच रायते, बटण फक्त सेल्फपुरतं.

सिव्हिल_लाइन्स
किटवर पूर्ण सहमत. पण मूळ जोडणीत एक भोक राहिलंय. इंजिन चालू असताना कोणी बटण दाबलं तर? ८००चं इंजिन गरम असताना इतकं शांत चालतं की सिग्नलला बंद पडलं वाटून हात जातोच. बऱ्याच गाड्यांच्या चावीत यांत्रिक अडथळा असतो, चावी मागे आणल्याशिवाय परत सेल्फ लागत नाही. बटणाला तसं काही नाही. फिरत्या रिंगवर बेंडिक्स आपटला की जो आवाज येतो तो ऐकलेला माणूस विसरत नाही.

यावर जुना उपाय आहे. रिलेचं ८५ बॉडीला न जोडता ऑइल प्रेशरच्या स्विचला जोडायचं. इंजिन बंद असताना तो स्विच अर्थला लागलेला असतो, म्हणूनच ऑइलचा लाल दिवा पेटतो. इंजिन चालू झालं, दाब आला, स्विच उघडला, की कॉइलला अर्थ मिळत नाही. मग बटण कितीही दाबा, काही होत नाही.

घाटरोडवाला
कागदावर छान आहे. पण काही इंजिनांत नुसत्या सेल्फच्या फिरण्यानंच ऑइलचा दिवा विझते. मंग सकाळी थंडीत गाडी पेटायच्या आधीच सेल्फ सुटते. डिसेंबरात कार्ब्युरेटरची गाडी चोक ओढून जरा लांब फिरवा लागते, तेव्हा काय करणार? आणि तो स्विच जुना असला तर त्याच्यातून तेल झिरपते, टर्मिनल तेलकट होते, संपर्क जाते.

सिव्हिल_लाइन्स
मग ऑल्टरनेटरच्या एल टर्मिनलवर, म्हणजे चार्जिंगच्या दिव्याच्या वायरीवर ८५ जोडा. चार्जिंग सुरू झालं की तिथे प्लस येतो, कॉइलच्या दोन्ही टोकांना प्लस, रिले ओढत नाही. सेल्फच्या मंद फिरण्याने तिथे पूर्ण व्होल्टेज येत नाही.

वीजकाका
आणि बेल्ट तुटला, किंवा ऑल्टरनेटर गेला, तर इंजिन चालू असताना बटण पुन्हा जिवंत. शिवाय दिव्याच्या वायरीवर जास्तीचं ओझं टाकणं मला आवडत नाही. रेग्युलेटर त्या हिशोबाने बनवलेला नसतो.

माझा सल्ला क्लच स्विचचा. ८५ ची अर्थ क्लच पेडलखालच्या एका स्विचमधून न्या. पेडल तळापर्यंत दाबलं तरच अर्थ मिळते. गाडी गियरमध्ये असली तरी क्लच दाबलेला असल्याने उडी मारत नाही. तुळशी वृंदावनही वाचलं. हल्लीच्या गियरवाल्या बटण-गाड्यांतही क्लच दाबावाच लागतो, उगीच नाही.

तर्री_पोहे
ब्रेक दाबून बटण, असं पण करता येते ना? माझ्या ॲक्टिव्हाले आहे.

वीजकाका
तुमच्या ॲक्टिव्हाला गियर नाहीत. गाडी गियरमध्ये असताना ब्रेक दाबून सेल्फ मारला तर सेल्फ आणि ब्रेक यांची कुस्ती लागते. ब्रेक जिंकला तरी सेल्फ जळतो.

ज्येना_रामदासपेठ
तुमची चर्चा वाचून गंमत वाटली. आमच्या वेळी बटण पायाखाली असायचं. विलीज जीपला आणि पुढे महिंद्राच्या जुन्या जीपला फरशीवर पायाने दाबायचा स्टार्टर होता. नोकरीत एक सरकारी जीप होती, तिची चावी हरवलेली, स्विच नुसता टोगल, आणि सेल्फ पायाने. चोरीची भीती कोणालाच नव्हती, कारण ती पेटवायची कला फक्त ड्रायव्हरला येत होती.

त्याआधी हँडल. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती गुंडाळायचा नाही. इंजिनाने उलट झटका दिला तर अंगठा किंवा मनगट जायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने विजेचा सेल्फ बनवला आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला तो त्याचसाठी. चावी फिरवून सेल्फ मारायची पद्धत बरीच नंतरची, १९४९ साली क्रायस्लरने आणली. आणि नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मर्सिडीजने एस क्लासमध्ये परत बटण. म्हणजे धागाकर्त्याचे वडील पुढे चाललेत की मागे, ते तुम्ही ठरवा.

कोथरूडचा_पाहुणा
काका, माहितीपूर्ण. ८००बद्दलची टिप्पणी मागे घेत नाही, पण धागा आवडला.

सदर_बाजार
जुन्या गाड्यांवरून आठवलं. ज्यांच्या इग्निशन कॉइलला बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट आवरून धरणारा रोध) असतो त्यांनी जपा. सेल्फ मारताना तो रेझिस्टर बायपास होतो, म्हणजे बॅटरी दबलेली असली तरी ठिणगी चांगली पडते. बायपासचा करंट चावीच्या सेल्फच्या खटक्यावरून येत असेल आणि तुम्ही बटणाने सेल्फ फिरवलात, तर इंजिन गरगर फिरतं पण पेटत नाही. बटण सोडलं की पेटतं, आणि लोक कार्ब्युरेटर खोलून बसतात. तुमच्या ८००ला बहुधा लागू नाही, पण वाचणारा एखादा पद्मिनीवाला असेल.

वर्धारोड_जीप
पद्मिनी नाही, पण जुनी डिझेल महिंद्रा आहे. आम्हाला बटण लावता येईल का? हीटर प्लग आहेत.

घाटरोडवाला
येते. चावी ऑन, हीटरचा दिवा विझूस्तोवर थांब, मंग बटण. रिले मात्र दमदार लाव, डिझेलचा सोलेनॉइड जास्त खाते. आणि गाडी बंद कराची दोरी असो की पंपावरचा फ्यूएल सोलेनॉइड, त्याचं काम आहे तसंच ठेव, बटणाचा त्याच्याशी संबंध जोडू नको.

जरीपटका_पॅसेंजर
आणि विमा? आरटीओ?

सदर_बाजार
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे. आरसीवरचा तपशील बदलणारे बदल हा त्यातला कळीचा मुद्दा. सेल्फचं बटण आरसीवर कुठेच नसतं. विम्याचं वेगळं. गाडीने पेट घेतला तर सर्व्हेअर आधी बॉनेटखालची टेपने गुंडाळलेली वायरिंग पाहणार. काम नीट असो, फ्यूज असो, आणि नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनीला कळवून टाका. नंतर भांडत बसण्यापेक्षा बरं.

घाटरोडवाला
टेपवरून सांगतो. आपल्या उन्हात इन्सुलेशन टेपचा डिंक दोन उन्हाळ्यांत वितळून वाहते. जोड टेपनं करूच नको. टर्मिनल दाबून बसव आणि वरून गरम करून आवळणारी स्लीव्ह टाक. नुसतं सोल्डर केलं तर जोडाच्या कडेला वायर कडक होते आणि हादऱ्यानं तिथंच तुटते. रिले फायरवॉलवर उंच लाव, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब, टर्मिनलची बाजू खाली. टर्मिनल वर ठेवले तर जुलैत त्याच्यात पाणी साचते.

सामान घाटरोडवर एकाच चकरेत होईल. बटण भारीचं नको, पाणी न जाणारं घे फक्त.

मानेवाडा_रिंगरोड
मंडळी, रविवारी मोजलं. काकांनी सांगितल्याप्रमाणे कॉइलची वायर काढून, बहीण चावीवर. सेल्फ फिरताना बॅटरीवर १०.५ व्होल्ट. मायनस ते इंजिन ०.२. सोलेनॉइडच्या टर्मिनलवर ८.१.

वीजकाका
अर्थिंग उत्तम. चावीच्या वाटेवर २.४ व्होल्टपैकी बहुतेक सगळे गळतायत. 'टक्' चं कारण हेच. रिले टाकल्यावर चावीनेही गाडी लागेल.

मानेवाडा_रिंगरोड
रिले बसला. आधी फक्त चावीची वायर ८६ ला जोडून पाहिलं. सोलेनॉइडवर आता १०.२ येतात. भर दुपारी तापलेल्या गाडीला चावी मारली, पहिल्या फटक्यात सेल्फ. @सदर_बाजार, तुमचं अर्धं बरोबर निघालं, खटका तसा जिवंतच होता, त्याच्या अंगावरचं ओझं काढायचं होतं.

बटण बाबांसाठी तरीही लावलं. डॅशबोर्डला भोक न पाडता स्टिअरिंगच्या डाव्या हाताला, चोकच्या खाली एका पत्र्याच्या क्लिपवर. उजवं मनगट दुखतं म्हणून डाव्या हाताने दाबता यावं. क्लच स्विचही टाकला, जुना ब्रेक लाइटचा स्विच मिळाला, पण तो उलटा चालतो, म्हणजे पेडल सोडल्यावर दाबला जातो. पेडल तळाला गेल्यावर दाबला जाईल अशी पट्टी वाकवून बसवला. बाबांची तक्रार एकच, क्लच अर्धा दाबला तर बटण काम करत नाही. त्यांना अर्धा क्लच दाबायची सवय आहे, आता अख्खा दाबतात.

अनघा_ना
ब्रेक लाइटच्या स्विचच्या दोन जाती असतात. पेडल दाबल्यावर जोडणारा, आणि पेडल सोडल्यावर त्याचा दांडा दाबला जाऊन तोडणारा. दुसऱ्या जातीचा असेल तर तुमच्या पट्टीने तो दाबल्यावर उघडेल. मीटर लावून पाहिलं का?

मानेवाडा_रिंगरोड
पाहिलं. घाटरोडवर तोच प्रश्न विचारून दाबल्यावर जोडणारा मागून घेतला. पेडल तळाला असताना शून्य ओहम, वर असताना उघडा. क्लच न दाबता बटण दाबून पाहिलं, रिलेचा आवाजही नाही.

घाटरोडवाला
मग हाच का तो, ज्यानं परवा दुकानात अर्धा तास मीटर लावून स्विच निवडला?

मानेवाडा_रिंगरोड
तोच मी.

तर्री_पोहे
आणि लाल झाकण?

मानेवाडा_रिंगरोड
बाबांनी नाही म्हटलं. आईने विचारलं, "त्यावर झाकण असतं तर धूळ बसली नसती ना?"

सिव्हिल_लाइन्स
इंजिन चालू असताना बटण दाबलं जाण्याचा प्रश्न क्लच स्विचने पूर्ण सुटत नाही. सिग्नलला क्लच दाबलेलाच असतो.

वीजकाका
खरं आहे. पण त्यांनी बटण डाव्या हाताला, चोकखाली लावलंय, गियर टाकताना हात तिथे जात नाही. हवंच असेल तर तुमचा ऑइल स्विचचा मार्ग नंतर जोडता येईल, आधी सेल्फवर दिवा विझतो का ते पाहून. एक मात्र पाहा. चावीने सेल्फ मारताना ॲक्सेसरी बंद व्हायची, बटणाने होत नाही. ब्लोअर, टेप चालू असेल तर बॅटरीवर तेवढा भार. बटण दाबण्याआधी ब्लोअर बंद करायला बाबांना सांगा, विशेषतः हिवाळ्यात.

अनघा_ना
आणि डायोड? पट्टी कुठे आहे?

मानेवाडा_रिंगरोड
८६ कडे. फोटो टाकलाय. उलटा असता तर बटण दाबताच ५ अँपिअरचा फ्यूज उडाला असता ना?

अनघा_ना
हो, डायोडच सरळ अर्थला गेला असता. फोटोत बरोबर दिसतोय. फक्त बॅटरीजवळच्या फ्यूजच्या होल्डरला टोपी नाही, ती लावून घ्या.

मानेवाडा_रिंगरोड
लावतो.